फडक्यांचं खातं माझ्याकडे होतं

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत मला तीन वर्षं एक मान मिळत आला आहे, तो खोटा आहे. तान्ह्या बाळाच्या लंगोटाच्या जागी पुरळ आलं की तरुण आई-बाप आधी माझ्याकडे येतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, एकदा तर अंत्यदर्शनाला जमलेल्या गर्दीत मला हळूच बाजूला घेऊन विचारलं गेलं, "काका, ते तुमचं क्रीम कुठलं?" मीही घसा साफ करून सांगत आलो. नातीला मी कसं बरं केलं, याची एक कहाणी माझ्याकडे तयार होती. तिच्यात एक नायक होता, तो मी. आणि एक गुन्हेगार होता, तो म्हणजे विहीणबाईंचं उटणं.

आता सून पुन्हा बाळंत व्हायची आहे, आणि तिच्या आईने गेल्या महिन्यात कळवलं की या खेपेला मी येत नाही. म्हणून ही कहाणी आज जशी घडली तशी लिहितो.

विहीणबाई अमरावतीच्या. नात झाली तेव्हा त्या एक मोठी वळकटी, मेथीचे लाडू आणि उटण्याचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. सून आणि चिरंजीव दोघंही हिंजवडीला नोकरीला, घरून काम करायची सवलत, पण पुणं सोडायची नाही, त्यामुळे बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं. पहिल्याच दिवशी विहीणबाईंनी मला "इवाई" अशी हाक मारली. वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून.

"तुमालेच म्हणते जी," त्या म्हणाल्या. "इथं दुसरं कोन हाये?"

बाळाला आंघोळ घालणं हे त्यांचं राज्य. न्हाणीघरात पाटावर बसून पाय लांब करायचे, पायांवर बाळ आडवं घ्यायचं, मसुराचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद कालवून अंगाला चोळायचं. आमची नात इतर सगळ्यांच्या हातात किंचाळायची आणि त्यांच्या पायांवर मात्र एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यासारखी डोळे मिटून पडून राहायची. माझी बायको दारात टॉवेल घेऊन उभी असायची आणि तिच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, थोडा हेवा असायचा.

मला कुणी काही काम देईना. मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. घरात तीन बायका आणि एक बाळ, आणि मी पेपर वाचत बसलेला. तेव्हा मी स्वतःहून एक खातं मागून घेतलं. सून बाळाला पुसायला बाजारातली ओली पुसणी वापरणार होती. मी म्हटलं, कशाला तो कचरा? बायकोच्या जुन्या सुती साड्या पडल्या आहेत. त्यांचे चौकोनी तुकडे करतो, कडा शिवून घेतो, रोज धुऊन वाळवून घडी करून ठेवतो. सून खूश झाली. "बाबा, हे तुमचं डिपार्टमेंट," ती म्हणाली.

आता मुख्य गोष्ट. माणसाने काम मागून घेतलं की त्याला ते जरा जास्तच चांगलं करावंसं वाटतं. नुसत्या साबणाने फडकी धुऊन माझं समाधान होईना. महामारीच्या काळात आमच्या घरात जंतुनाशकाची एक मोठी बाटली आली होती, ती फरशी पुसायला वापरली जायची. मी तिच्यातलं थोडं फडक्यांच्या शेवटच्या पाण्यात घालायला सुरुवात केली. बाटलीत ते तपकिरी असतं आणि पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं. इतकी वर्षं शिकवूनही मला ते बघायला आवडायचं. किती घालायचं? प्रयोगशाळेत मी मुलांना थेंबाथेंबाचा हिशेब मागायचो. बाल्कनीत मात्र मी डोळ्यांनी अंदाज घ्यायचो, आणि माझे डोळे दरवेळी थोडे उदार होत गेले. त्यानंतर फडकी साध्या पाण्यातून काढायची ना? छे. मग त्याचा गुण राहणार कुठे?

कुणाला सांगितलं का? नाही. लपवायचं होतं असंही नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी नको म्हटलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. घरभर फरशीला तोच वास असल्यामुळे फडक्यांचा वास कुणाला वेगळा आला नाही.

थोड्याच दिवसांत बाळाच्या मांड्यांमध्ये आणि खाली लाली आली. मग ती पसरली. लंगोट बदलताना बाळ असं रडायचं की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दार वाजवून विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना? नाही, आमचं काही नाही, आम्ही तसेही झोपत नाही."

घरात लगेच तीन पक्ष झाले. सुनेने मोबाइलवरून लव्हेंडरच्या वासाचं एक महागडं क्रीम मागवलं. बायकोने खोबरेल तेल काढलं. विहीणबाईंनी घरचं तूप. सकाळी एक, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. चिरंजीव एवढंच म्हणाले, "तिला फोडणी तेवढी द्यायची राहिलीय." आणि मी काय केलं? बाळाला जंतूंचा त्रास होतोय, असं ठरवून फडक्यांच्या पाण्यात ते औषध आणखी वाढवलं. शिवाय प्रत्येक वेळी आधीचं तेलतूप पार निघून जाईपर्यंत मी पुसायचो. माझ्या हातचं भांडंसुद्धा कधी तेलकट राहत नाही.

शेवटी आम्ही सगळे सदाशिव पेठेत आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. म्हातारे, कमी बोलणारे. बाळाकडे पाहिलं, मग आमच्या वरातीकडे पाहिलं.

"पेशंट एकच आहे ना?"

मग त्यांनी विचारलं, घरात नवीन काय सुरू केलंय? कुणी काही बोलायच्या आत विहीणबाई पुढे झाल्या.

"डॉक्टरसाहेब, उटणं मी लावते जी. मसुराचं पीठ, साय, हळद. आमच्याकडं समद्या लेकराइले लावतात. त्याच्यानं झालं असंन का?"

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "पिठाचे कण कातडीच्या घड्यांत राहतात, वर लंगोट बसतो, घासलं जातं. कातडी नाजूक असली तर चिडते. बंद करा. आणि पुसायला काय वापरता?"

हा प्रश्न माझ्या खात्यातला होता.

"साधं पाणी आणि सुती कापड," सून म्हणाली. तिला तेच माहीत होतं. "बाबा स्वतः धुतात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कौतुकाने. त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं लख्ख उजळलं. तपकिरी बाटली, पांढरं पाणी, न खळबळलेली फडकी, ती लाल कातडी. चार शब्द बोलायचे होते. मी घसा साफ केला. सगळे माझ्याकडे वळले. आणि मी विचारलं, "डॉक्टर, क्रीम कुठलं लावावं?"

हे वाक्य मी आजही कधीकधी अंघोळ करताना मोठ्याने म्हणतो आणि मान हलवतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं बरोबर होतं, आणि ते मी इथे लिहितो, कारण माझ्या कहाणीतला तेवढा भाग खरा आहे. झिंक ऑक्साइड असलेलं घ्या. वास नसलेलं घ्या. नवीन क्रीम आधी थोडंसं एका जागी लावून बघा, काही झालं नाही तर मग पुढे. जागा पूर्ण कोरडी होऊ द्या, घासून नव्हे, हलकेच टिपून. वर जाड थर द्या, भिंतीला पुट्टी लावतात तसा. पुढच्या वेळी तो खरवडून काढू नका, घाण झालेला तेवढाच वरवर पुसा आणि त्याच्यावर पुन्हा लावा. दिवसातून थोडा वेळ तिला उघडी खेळू द्या. पुरळ बरं होईना, फोड आले, ताप आला, तर मला दाखवा.

तिथून मी थेट औषधाच्या दुकानात गेलो, भिंग घेऊन. एकेका डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभा राहिलो.

"वास नसलेलं हवंय," मी म्हटलं.

"हुंगायला हवंय की लावायला?" दुकानदाराने विचारलं.

"झिंक ऑक्साइड किती आहे यात?"

"लिहिलंय त्यावर. भिंग तुमच्याकडे आहे."

मी सगळे वाचून झाल्यावर एक साधी पांढरी नळी निवडली. वास नाही, रंग नाही, डब्यावर हसणारं बाळही नाही. घरी येऊन तिचे गुण सर्वांना समजावून सांगितले. थर किती जाड हवा हे दाखवायला स्वयंपाकघरातला एक कालथाही घेतला. बायको बघत होती.

"अहो, नातीच्या बुडावर प्रबंध लिहिताय का?"

आणि त्याच दुपारी, कुणाला न सांगता, मी जंतुनाशकाची बाटली परत फरशीच्या बादलीशेजारी नेऊन ठेवली. फडकी उकळत्या पाण्यात टाकली, साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढली, उन्हात घातली.

चार-पाच दिवसांत बाळाची कातडी पूर्वीसारखी झाली. घरात आनंदीआनंद. वर्गात मी जन्मभर मुलांना सांगत आलो होतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर निकाल कशामुळे आला ते कळणार नाही. त्या आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या. दोन सगळ्यांना माहीत होत्या, तिसरी फक्त मला. त्यामुळे निकाल लागला तो असा: क्रीम जिंकलं, उटणं हरलं. उटण्याचा काहीच दोष नव्हता, असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ते आता कधी कळायचं नाही. तेही मीच करून ठेवलं.

आंघोळ बायकोकडे आली. कुणी विहीणबाईंना नको म्हटलं नाही हो. फक्त एके सकाळी बायको म्हणाली, "बसा तुम्ही, आज मी घालते," आणि मग रोजच ती घालू लागली. विहीणबाई दारात टॉवेल घेऊन उभ्या राहू लागल्या. ठरल्यापेक्षा लवकर त्या अमरावतीला परत गेल्या, घर बंद आहे म्हणाल्या. निघताना उटण्याचा डबा त्यांनी वळकटीच्या अगदी आत, तळाशी ठेवला. मी ते पाहिलं आणि रिक्षा बोलावायला खाली गेलो.

त्यानंतर माझी कीर्ती सुरू झाली. आधी शेजारच्यांनी विचारलं, मग त्यांच्या ओळखीच्यांनी. प्रत्येक वेळी सांगताना उटणं थोडं जास्त वाईट होत गेलं आणि मी थोडा जास्त हुशार. सोसायटीच्या बाकावर तर एकदा मी "घरगुती उपचार आणि आपण" असं छोटंसं व्याख्यानच दिलं. टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या मला नोकरीत कधी मिळाल्या नव्हत्या.

आणि मग गेल्या महिन्यातला तो फोन. सून जेवणाच्या टेबलाशी बसून आईशी बोलत होती. फोन ठेवला आणि नुसतीच मिठाच्या वाटीकडे बघत राहिली.

"आई म्हणते, या वेळेला एखादी बाई लावा. तिला जमायचं नाही. हात थरथरतात म्हणते."

"अगं बाई, कधीपासून?" बायकोने विचारलं.

"कसले थरथरतायत! परवा व्हिडिओवर पापड लाटत होती. चंद्रासारखे गोल." तिचा आवाज फुटला. "तिला यायचंच नाहीये. आणि मला तीच हवीय."

ती उठून आत गेली. मी आमटीत चमचा फिरवत बसलो. बायको म्हणाली, "आमटी ढवळायची नसते, खायची असते. काय झालंय?"

मी सांगितलं. बाटली, पांढरं पाणी, डॉक्टरांचा प्रश्न, माझा साफ केलेला घसा. तिने मधे एकदाही तोडलं नाही, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं म्हणून मला जास्त भीती वाटली.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "त्या बाईंच्या हातातून मी बाळ काढून घेतलं, ते तुमच्या फडक्यांपायी?"

"हो."

"आणि बाकावर व्याख्यानं देत होतात."

"हो."

"फोन लावा. आत्ता. आणि तोंड दिसेल असा लावा."

सुनेलाही बाहेर बोलावलं. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर विहीणबाई आल्या, पदराला हात पुसत. मी उभा राहिलो. का उभा राहिलो माहीत नाही. पडद्यात त्यांना फक्त माझं पोट दिसत असणार.

"बसा ना जी इवाई, तोंड दिसू द्या," त्या म्हणाल्या.

मी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी सून ऐकत होती, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

विहीणबाईंनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "इवाई, तुमी मास्तर होते ना?"

"हो."

"केमिस्ट्रीचे?"

"हो."

"अन् लेकराच्या बुडाले फरशीचं औषध?"

सून फस्सकन हसली. हसता हसता रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही कमाल आहात." कमाल शब्दाचा अर्थ तिच्या डोळ्यांत चांगला नव्हता. बायको हसली नाही. विहीणबाईही आधी हसल्या, मग थांबल्या.

"तुमाले सांगू का," त्या म्हणाल्या, आणि आता आवाज हळू झाला होता. "तवापासून म्या कोन्याच लेकराले न्हाऊ नाही घातलं. नणंदेच्या घरी नातू झाला, तिनं बोलावलं, म्या म्हटलं कंबर दुखते. पुतणीचं झालं, तवाबी नाही गेली. वाटे, आपल्या हातानं लेकराचं आंग सोललं. हात लावाचं भेव वाटे."

मी केलेल्याचा एवढा मोठा आकार मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. मला वाटत होतं मी एका डब्यावर आळ घेतला. मी त्या बाईचे हात काढून घेतले होते. "माझं चुकलं" असं मी म्हटलं. ते शब्द फार लहान निघाले, पण माझ्याकडे तेवढेच होते.

"ते त चुकलंच," विहीणबाई म्हणाल्या. "आता माया अटी ऐका."

मी ऐकल्या. त्या येणार. आंघोळ त्याच घालणार. उटणं आणणार नाहीत, डॉक्टर नको म्हणतात तर नको. नुसत्या कोमट पाण्यानेही लेकरू न्हातं. क्रीम त्याच लावणार. फडकी मात्र मीच धुवायची, साध्या पाण्यात, त्या खुर्ची टाकून बसलेल्या असताना. आणि शेवटची अट त्यांनी बायकोकडे बघून सांगितली.

"डॉक्टरसाहेब म्हणे ना का नवीन क्रीम आधी जरासं लावून पाहा? ते लेकरावर नाही पाहाचं. आधी इवायाच्या हातावर."

"दोन्ही हातांवर," बायको म्हणाली.

परवा त्या आल्या. वळकटी, लाडू, डबा नाही. बाळ यायला अजून अवकाश आहे, पण त्यांनी येताच न्हाणीघराचा पाट काढून धुतला, त्यावर पाय लांब करून बसून पाहिलं आणि मोठ्या नातीला हाक मारली. ती आता तीन वर्षांची घोडी, पायांवर मावत नव्हती, तरी आडवी पडली आणि गुदगुल्या करा म्हणाली. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर तांब्याने हळू पाणी सोडलं. त्यांचे हात जराही थरथरत नव्हते. दारात बायको आणि मी, दोघंही टॉवेल घेऊन उभे होतो. दोन टॉवेलांची काही गरज नव्हती.

संध्याकाळी सुनेने आणलेल्या तीन क्रीमच्या नळ्या टेबलावर आल्या. "हात पुढं करा, इवाई." माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन पांढरे ठिपके उमटले, प्रत्येकाशेजारी पेनाने आकडा. पुसायचं नाही, घासायचं नाही, उद्या बघू, असा हुकूम.

तसाच मी दूध आणायला निघालो. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा तरुण भेटला, त्याला नुकतीच मुलगी झाली आहे.

"काका, बरं झालं भेटलात. तिला जरा लाली आलीय. ते तुमचं क्रीम..." मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "हे काय लागलंय?"

"सांगतो," मी म्हटलं. "पण आधी तू सांग, तिची फडकी कोण धुतं? आणि कशात?"

लिफ्ट खाली येऊन दार उघडलं, बंद झालं, कुणीतरी वरून बोलावली म्हणून आम्ही दोघंही वर गेलो आणि पुन्हा खाली आलो. तोवर मी बाटलीपर्यंत पोचलो होतो.